दिवसाला सहा मैल

मिझुरीतल्या करंट नदीवर फ्लोट ट्रिपला, म्हणजे होडीतून प्रवाहाबरोबर उतरत काठावर मुक्काम करायच्या सफरीला, जायचं ठरलं की पहिला वाद मैलांवरून होतो. आमच्याकडेही झाला. नवऱ्याने नकाशा पसरून सीडरग्रोव्ह ते राउंड स्प्रिंग हे अंतर मोजलं, साधारण 28 मैल. शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी दुपारी बाहेर पडायचं, पाणी आपल्या पायाने चाललेलंच असतं, वर आपली वल्ही. आरामात होईल, असा त्याचा निकाल. हिशोब बरोबर होता, पण त्यात मासे कुठेच नव्हते. माझ्या ऑफिसातला एक सहकारी बायकोसह आमच्याबरोबर येणार होता. त्याचं बालपण सेलम गावात गेलेलं, नदीपासून पाऊण तासावर. त्याने नकाशा पाहिला, काही बोलला नाही, नुसतं वाटेतल्या पुलटाइटवर बोट ठेवलं. 18 मैल, बस. गरवायचं असेल तर दिवसाला सहा मैल, आणि दुपारी तीन वाजले की जो पहिला चांगला ग्रॅव्हल बार (नदीकाठचा गोट्यांचा पट्टा) दिसेल तो आपला.

सेंट लुईसमधली आपली बरीच मंडळी या नद्यांवर जाऊन आलेली असतात, पण ती उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी. रबरी ट्यूब, शीतपेटी, मोठ्याने गाणी आणि संध्याकाळी घरी. त्यात वाईट काही नाही. मात्र मिझुरीतली मूळ फ्लोट ट्रिप वेगळी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोक गलीनाहून ब्रॅन्सनपर्यंत जेम्स आणि व्हाइट नद्यांवरून पाच-पाच दिवस उतरत यायचे. जॉनबोट नावाची लांब, अरुंद, सपाट तळाची लाकडी होडी, मागे गावचा वाटाड्या, पुढे खुर्चीवर बसून गळ टाकणारा शहरी पाहुणा. तंबू, पीठ आणि तवे घेऊन एक सामानाची होडी आधीच पुढे गेलेली असे, म्हणजे संध्याकाळी गोट्यांच्या काठावर जेवण तयार. ब्रॅन्सनच्या जिम ओवेनने 1930च्या दशकात याचा चांगला मोठा धंदा केला. 1958मध्ये टेबल रॉक धरण पूर्ण झालं आणि तो प्रवास तळ्याखाली गेला. करंटवर मात्र धरण आलं नाही. 1964मध्ये अमेरिकन काँग्रेसने करंट आणि जॅक्स फोर्क या दोन्ही नद्यांना मिळून ओझार्क नॅशनल सीनिक रिव्हरवेज म्हणून संरक्षण दिलं. नदीलाच राष्ट्रीय उद्यानासारखा दर्जा देण्याची या देशातली ती पहिली वेळ. ज्यांच्या जमिनी त्यासाठी गेल्या त्यांच्या घरांत अजून त्याबद्दल गोड बोललं जात नाही. सहकाऱ्याच्या घरीही नाही, असं त्याने गाडीत सांगितलं आणि विषय बदलला.

तयारीत सगळ्यात सोपा भाग परवान्याचा. सोळा वर्षं आणि त्यापुढच्या बहुतेकांना मासेमारीचा परवाना, ट्राउट मासा ठेवायचा असेल तर त्याचा वेगळा. घरबसल्या मिळतो. आम्ही जूनचा पहिला आठवडा धरला, कारण ओझार्कच्या डोंगराळ भागातल्या बहुतेक ओढ्या-नद्यांत स्मॉलमाउथ बास या माशाचा हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी उघडतो. त्याआधी पकडता येतो, ठेवता येत नाही. कनू (वल्ह्यांची लांब, अरुंद होडी) भाड्याने देणारे लोक नदीकाठी बरेच आहेत. पद्धत अशी की आपली गाडी जिथे बाहेर पडायचं तिथे ठेवायची, मग त्यांच्या खिळखिळ्या बसमधून, मागे कनूंचा ट्रेलर जोडून, ते आपल्याला वर नेऊन सोडतात. उलटं करू नये. ओल्या कपड्यांत, तीन दिवसांच्या घामात बसची वाट पाहत बसणं नको होतं.

खरा वेळ जातो सामानात. या नद्यांवर काच चालत नाही, म्हणजे लोणच्याची बरणी घरी, लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत. थर्माकोलच्या पेट्या चालत नाहीत. कचऱ्यासाठी जाळीची पिशवी होडीला बांधलेली हवी. माणशी एक लाइफ जॅकेट हवंच. मी म्हणते, नुसतं होडीत नको, अंगात हवं. कपडे आणि अंथरुणं जलरोधक पिशव्यांत, तांदूळ-पीठ झाकणाच्या बादलीत, आणि सगळं एसटीच्या टपावरच्या सामानासारखं आवळून बांधलेलं. जड ते तळाशी, मधोमध. नवऱ्याने घडीचं टेबलही घेतलं. मी तेव्हा हसले, पण मासे साफ करताना त्या टेबलाची काय सोय झाली ते मीच पाहिलं.

माझं माहेर कुडाळकडचं. कर्लीच्या काठावर आजोबांबरोबर गरवायला बसायचे तेव्हा हातात काठी, तंगूस आणि गरी, एवढंच. इथे माझ्याकडे साडेपाच फुटी हलका स्पिनिंग रॉड आहे, सहा पौंडी दोर, आणि आमिषांची एक डबी, जिच्यातलं तीन-चतुर्थांश मी कधीच वापरत नाही. सहकाऱ्याच्या डबीत एकूण चारच प्रकार होते.

सीडरग्रोव्हला नदी लहान आहे. ऐन उन्हाळ्यात काही जागी गुडघाभर. पाणी इतकं स्वच्छ की खोली कळत नाही. पाऊलभर वाटतं तिथे कंबरभर निघतं. या पाण्याचं मूळ झऱ्यांत आहे. इथला सगळा प्रदेश डोलोमाइटचा, आतून पोखरलेला. पाऊस जमिनीत मुरतो आणि मैलोन् मैल अंधारातून वाहत येऊन कड्यांच्या पायथ्याशी बाहेर पडतो, बाराही महिने साधारण 14 अंश सेल्सियस. म्हणून दक्षिणेकडच्या या उकाड्यात ट्राउट जगतो. वरच्या माँटॉकला त्याचं पैदास केंद्र आहे. सीडरग्रोव्हच्या वर फक्त कृत्रिम आमिष, नियमही कडक. खाली एकर्स नावाच्या ठिकाणापर्यंत गांडूळसुद्धा चालतं आणि दिवसाला चार ट्राउट ठेवता येतात.

कनू चालवणं जमायला अर्धा दिवस लागतो. पुढे बसणारा जोर लावतो, मागे बसणारा दिशा ठरवतो, आणि चूक कुणाची यावर संसार तासभर थांबतो. खळाळापाशी पाण्यावर व्ही उमटतो. त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेने असेल तर ती वाट, आपल्याकडे असेल तर खाली दगड. दगडांची मला फारशी भीती नाही. भीती वळणावर पडलेल्या झाडांची. पाणी फांद्यांमधून पार होतं, माणूस होत नाही. आडवी होडी अशा झाडाला लागली की अंग आपोआप झाडापासून लांब, पाण्याकडे झुकतं, आणि नेमकी तीच बाजू बुडून होडी भरते. झुकायचं असतं झाडाकडे, मिठी मारल्यासारखं. सहकाऱ्याने हे निघण्यापूर्वी कोरड्या काठावर आमच्याकडून दोनदा करून घेतलं. लेकीला हसू आवरेना. दुपारी एका डाव्या वळणावर तिने ते विचार न करता केलं आणि होडी घासत निघून गेली.

वाहत्या होडीतून गळ टाकणं दिसायला छान, पण माझ्या मते त्यात निम्मे मासे हुकतात. चांगली जागा डोळ्यांसमोरून जाते आणि आमिष पाण्यात पडेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता. आम्ही खळाळ उतरायचो, लगेच होडी गोट्यांवर ओढायचो आणि चालत मागे येऊन, जिथे उथळ पाणी डोहात घुसतं त्या कडेवर टाकायचो. लहानसा चकाकता स्पिनर, पलीकडे फेकून धारेबरोबर येऊ द्यायचा. ट्राउट तोंड मारतो ते झटका देऊन, विचार करत नाही. बुटांबद्दल एक सांगायचं तर पाण्यात उभं राहायचे, लोकरी तळव्याचे जुने बूट इथल्या ट्राउटच्या पाण्यात 2012पासून बंद आहेत. त्या तळव्यांत शेवाळाची एक उपद्रवी जात चिकटून एका नदीतून दुसरीत जाते. रबरी तळव्याचे घ्या आणि घसरायची तयारी ठेवा.

त्या दिवशी आम्ही साडेचार मैलही गेलो नसू. चार ट्राउट ठेवले, बाकीचे ओल्या हातांनी सोडले. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही वाचेलच असं नाही.

आता ग्रॅव्हल बार. या सफरीचं सगळं सुखदुःख यावर आहे. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंदावतं आणि गोटे टाकत जातं. त्यातून हे पांढरे-तपकिरी पट्टे तयार होतात, काही शंभर-दोनशे फूट लांब. गोटे बहुतेक गारगोटीच्या जातीचे, चर्ट. रिव्हरवेजमध्ये त्यावर राहायला पैसे लागत नाहीत, आरक्षण नाही. जो आधी पोहोचला त्याचा. हे गोटे इतके का, याचा इतिहास सुखाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथली पाइनची जंगलं ग्रँडिनच्या प्रचंड गिरणीसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी तोडली गेली, ओंडके याच नदीतून वाहून नेले गेले, उतार आणि ओढ्यांचे काठ उघडे पडले आणि खडी खाली सरकली.

मिझुरीत नदीत उतरण्याचा हक्कही एका खटल्यातून पक्का झालेला आहे. मेरामेक नदीवर एल्डर नावाचा माणूस होडीतून गेला, मासे धरले, पाण्यातून चालला. काठचा मालक डेलकोर याच्याशी वाद कोर्टात गेला. 1954मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तळ खासगी असला तरी असं पाणी लोकांना फिरायला, चालायला, मासे धरायला मोकळं आहे. रिव्हरवेजमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण जमीन सरकारची. बाकीच्या नद्यांवर मात्र कुणी बंदूक घेऊन काठावर आला तर वाद घालू नये, हा सहकाऱ्याचा सल्ला, न्यायालय काहीही म्हणो.

जागा निवडताना त्याने आधी पाणी पाहिलंच नाही, वर पाहिलं. सिकॅमोरची वाळलेली फांदी डोक्यावर नको. मग पाण्यापासूनची उंची. मागच्या पुराने विलोच्या फांद्यांत अडकवलेला पाचोळा कुठवर आहे ते पाहायचं. तो बहुतेक वेळा तुमच्या डोक्याच्याही वर असतो, म्हणजे तिथवर पाणी येतं हे मान्य करूनच झोपायचं. मागे चढून जायला वाट हवी. मागे उभा कडा आणि पुढे नदी असा बार कितीही सुंदर असो, सोडून द्यायचा. बार आणि काठ यांच्यामध्ये कोरडी सखल नाळ असेल तर तोही नको, पाणी आधी तिथून शिरतं आणि तुम्ही बेटावर राहता.

हे सगळं घाबरट वाटेल. 2010च्या जूनमध्ये शेजारच्या आर्कान्सामध्ये लिटल मिझुरी नदीला रात्री अचानक पूर आला आणि अल्बर्ट पाइक नावाच्या कॅम्पच्या जागी झोपलेली 20 माणसं गेली. 2017च्या एप्रिल-मेच्या सांध्यावर करंट नदी व्हॅन ब्यूरन गावापाशी 37 फुटांवर चढली, आधीचा विक्रम होता 29. म्हणून निघण्यापूर्वी एकर्सच्या जलमापकाची पातळी पाहून घ्यायची, आणि नदीवर गेल्यावर (फोनला रेंज नसतेच) डोक्यावरच्या आभाळापेक्षा वरच्या अंगाच्या आभाळाकडे लक्ष ठेवायचं. झोपण्यापूर्वी पाण्याच्या रेषेवर एक काटकी रोवायची. रात्री उठलात की बॅटरी टाकून बघायची. कनू ओढून वर आणायच्या, उलट्या करायच्या आणि झाडाला बांधायच्या.

गोट्यांत तंबूचे खिळे ठरत नाहीत. दोरी मोठ्या दगडाला गुंडाळायची आणि त्यावर दुसरा ठेवायचा. तंबूखालचे टोकदार गोटे हाताने वेचून खळगा करायचा, त्यात जाड गादी. आम्ही तेवढं करून झोपलो तरी माझ्या डाव्या कुशीला एक गोटा सकाळपर्यंत ओळखीचा झाला होता.

स्वयंपाकावर दोन पंथ पडले. सहकाऱ्याने बटाटे आणि कांदे चिरून बिडाच्या तव्यात डुकराच्या चरबीवर टाकले आणि त्याचे दोन ट्राउट मक्याच्या पिठात घोळवले. माझ्या दोनांना हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवलं, मग तांदळाच्या पिठात. ट्राउट बांगड्यासारखा नाही. मांस नाजूक, तव्यावर उलटताना तुटतं, म्हणून कातडी तशीच ठेवायची आणि उलटायचं एकदाच. त्याच्या बायकोने आगळाची बाटली हातात घेऊन वास घेतला आणि उरलेला सगळा रस बटाट्यांवर ओतला. माशांच्या पोटातली घाण कॅम्पपासून खूप लांब टाकली, कारण रॅकून. खाण्याच्या पेटीवर रात्री दगड ठेवायचा, नुसती कडी त्यांना उघडता येते. शेकोटी वाहून आलेल्या लाकडांची, उघड्या गोट्यांवर. ओले गोटे जाळाजवळ ठेवू नयेत, तडकून उडतात.

अंधार पडल्यावर चक-विल्स-विडो नावाचा पक्षी सुरू झाला, आपल्या रातव्याच्या कुळातला. तो थांबत नाही. लोक याला संगीत म्हणतात. मी पहाटे दोनला त्याला आणखी काहीतरी म्हटलं.

सकाळी नदीवर धुकं इतकं दाट की पलीकडचा काठ नाही. थंड पाणी आणि जूनची दमट हवा, त्यामुळे हे रोजचंच. आठच्या आत निघण्यात अर्थ नसतो. आम्ही चहा दोनदा केला.

दुपारच्या आधी वेल्च स्प्रिंग लागलं. झरा डावीकडच्या कड्याखालून असा काही येतो की नदीचं पाणी तिथे जवळजवळ दुप्पट होतं, आणि होडीवरून हात खाली सोडला तर फरक बोटांना कळतो. काठावर दगडी भिंतींचा सांगाडा आहे. इलिनॉयच्या डॉ. ख्रिश्चन डील यांनी 1913मध्ये ही जागा घेतली. गुहेतून येणारी थंड, परागकण नसलेली हवा दमेकऱ्यांना बरं करील या समजुतीने त्यांनी गुहेच्या तोंडाशी रुग्णालय बांधलं. त्या काळी इथे पोहोचणं हेच दमेकऱ्याचा जीव काढणारं असणार. त्यांच्यानंतर ते बंद पडलं.

एकर्सला शनिवार भेटला. के आणि केके हे दोन रस्ते तिथे मिळतात (मिझुरीत गावच्या रस्त्यांना अक्षरांची नावं असतात) आणि बसेस एकामागून एक कनू ओतत असतात. पुढचे दोन तास मासे विसरायचे. आम्ही सावलीत होडी लावून पोळीचे रोल खाल्ले आणि गर्दी पुढे जाऊ दिली. चारनंतर नदी परत आमची झाली. सहकारी म्हणाला, स्मॉलमाउथही हेच करतो, कड्याच्या सावलीत बुडलेल्या खडकामागे बसून गोंधळ संपायची वाट बघतो.

हा मासा ट्राउटपेक्षा मला जवळचा. तांबूस-हिरवं अंग, लाल डोळा, आणि खाणं मुख्यतः क्रॉडॅड, म्हणजे गोड्या पाण्यातली शेवंडाची धाकटी भावंडं. त्याच रंगाचं मऊ रबरी आमिष, लहान शिसं लावून, खडकाच्या वरच्या अंगाला टाकायचं आणि प्रवाहाला त्याला खडकामागे न्यायला द्यायचं. दोर थबकला की ओढायचं. ते गोट्याला अडकलंय की मासा लागलाय, हे पहिल्या तासाभरात चार-पाच वेळा कळतं. लेकीच्या दोराला लागलेला मासा पाण्याबाहेर दोनदा उडाला आणि तिसऱ्यांदा तिच्या मापाने तेरा इंच भरला. कायद्याने 12 इंचांवरचा ठेवता येतो. तिने सहकाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, एवढा व्हायला याला कित्येक वर्षं लागलीत, तू ठरव. तिने सोडला. मला खरं तर तो कढीत हवा होता.

त्याने दुसरी एक गोष्ट सांगितली. इथे खडकांखाली हेलबेंडर असतो, दोन फुटांपर्यंत वाढणारा सॅलमँडर, चपटा, सुरकुतलेला. ओझार्कचा हेलबेंडर 2011पासून संकटग्रस्त यादीत आहे. चुकून गळाला लागला तर ओढाताण न करता दोर कापायचा. आणि पाण्यातले मोठे दगड उलटे करत हिंडायचं नाही, त्याचं घर तेच.

दुसरा मुक्काम केव्ह स्प्रिंगच्या अलीकडे पडला, म्हणून रविवारी सकाळी आधी कुणी यायच्या आत गुहा मिळाली. डाव्या बाजूच्या कड्यात मोठं तोंड आहे, कनू सरळ आत जाते. बॅटरीचा झोत खाली सोडला तर निळं पाणी, मग गडद निळं, तळ नाही. मैलभर अंतरावर जंगलात डेव्हिल्स वेल नावाची खचलेली जागा आहे, तिच्या खाली एक अख्खं तळं. पाण्यात रंग सोडून पाहिला तेव्हा ते पाणी इथे निघतं हे सिद्ध झालं. नवरा आत बराच वेळ काही बोलला नाही, हे नोंदवण्यासारखं.

पुलटाइटला दुपारी पोहोचलो. तिथलं काम निमूट आटपायचं असतं: कनू ओढणं, धुणं, सामान गाडीत कोंबणं, जाळीची पिशवी रिकामी करणं. त्यात आमच्यापेक्षा इतरांचे वाटेत उचललेले डबेच जास्त होते. त्यानंतर गोचीड. कमरपट्टा, काखा, गुडघ्यामागे, केसांत, प्रत्येकाने प्रत्येकाची तपासायची, लाजायचं नाही. इथल्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्याने काहींना लाल मांसाचीच ॲलर्जी होते. बर्गर खाल्ल्यावर चार-सहा तासांनी अंगावर पित्त उठतं आणि कारण कळेपर्यंत महिने जातात. सहकाऱ्याच्या काकांना ती झाली आहे. आयुष्यभर गुरं पाळलेला माणूस आता कोंबडी आणि मासे खातो. लेकीच्या कानामागे एक निघाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढली, तारीख लिहून चिकटपट्टीवर चिकटवली, आणि मग सेलमला थांबून सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला.